सही कुठं केली, अण्णा?

चौथ्या मजल्याचा स्लॅब पडून आठवडा झाला होता. आमचे अण्णा रोजच्यासारखे संध्याकाळी साइटवर गेले, वाळूच्या ढिगाला वळसा घालून जिना चढले आणि वर पोचताच थबकले. स्लॅबच्या वर गज शिल्लक ठेवलेले होते. जिन्याच्या आणि टाकीखालच्या कॉलमांचे गज वर ठेवतात, एवढं त्यांना ठाऊक होतं. पण इथं या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सगळ्याच कॉलमांतून कमरेइतके उंच गज उभे होते आणि गंज चढू नये म्हणून त्यांना सिमेंटचं पाणी फासलेलं होतं. स्लॅबवर पाणी मारणाऱ्या पोराला त्यांनी विचारलं, "बाळा, हे कशाला ठेवलेत?"

"गुरुजी, अजून दोन मजले चढायचेत की. तुम्हाला माहीत नाही व्हय?"

अण्णांना माहीत नव्हतं. २०१९च्या दसऱ्याला त्यांनी बीडच्या वेशीबाहेर, नव्या वस्तीत उठणाऱ्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्या-हॉल-किचनचा फ्लॅट बुक केला, तेव्हा इमारत चार मजल्यांची होती. मजल्यावर सहा, एकूण चोवीस घरं. खाली पार्किंग, मागं झाडांची मोकळी जागा, कोपऱ्यात बोअर. पाटोदा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत एकतीस वर्षं गणित शिकवलेला हा माणूस. निवृत्तीचे पैसे आणि विकलेल्या एकरभर रानाचे पैसे, दोन्ही त्यांनी त्या कागदावरच्या घरात घातले होते. आईचे गुडघे गेलेले, दवाखाना जवळ हवा, एवढाच हिशोब.

त्या रात्री माझा थोरला भाऊ साठेखताची फाइल घेऊन बसला. मी संभाजीनगरहून फोनवर. दादा पान उलटायचा, वाचायचा, पुन्हा उलटायचा. शेवटी म्हणाला, "सही कुठं कुठं केली, अण्णा?" अण्णा म्हणाले, "खुणा केल्या होत्या पेन्सिलनं. तिथं तिथं केली."

एकोणिसाव्या कलमात लिहिलेलं होतं: नकाशात वेळोवेळी फेरबदल करण्याचा, मजले वाढवण्याचा पूर्ण अधिकार लिहून देणार यांना राहील आणि त्यास लिहून घेणार यांची आजच संमती आहे असे समजण्यात येईल.

आमच्या जिल्ह्यात बांध कोरणं हा शब्द लहान पोरालाही कळतो. नांगराचं तास दरवर्षी वीतभर पलीकडं सरकवायचं आणि दहा वर्षांत शेजाऱ्याची काकरी आपली करायची. त्या वीतभर मातीसाठी भावकीत बोलणं तुटतं, मोजणी आणली जाते, पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात तारखा पडतात. जमीन घेताना आपला माणूस सातबारा वाचतो, फेरफार काढतो, चतुःसीमा पायांनी फिरून बघतो. तोच माणूस फ्लॅट घेताना पेन्सिलच्या खुणेवर सही करतो. गेली चार वर्षं मी या विषयाच्या मागं आहे. साठेखतं वाचली, कायदा वाचला, वकिलांना आणि नगररचनेतल्या माणसांना भेटले. माझं मत त्या एका रात्रीत झालं, ते पुढं पक्कं होत गेलं: बांधकाम चालू असलेल्या इमारतीत आपण घर घेत नसतो, मंजूर नकाशा घेत असतो. तो नकाशाच आपलं रान आणि त्यातली प्रत्येक रेघ हा बांध.

मुळात बीडला फ्लॅटची सवय नव्हती. इथं प्लॉट घ्यायचा, सवडीनं बांधायचं, एक खोली भाड्यानं द्यायची. ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं शिक्षक झाली, पोलिसात गेली, नर्स झाली, आणि गाव सोडून बीडला, अंबाजोगाईला, परळीला राहायला आली. प्लॉटचे भाव वाढले, तशी मध्यमवर्गाची नजर वर वळली. जालना रोड, नगर रोड, बार्शी रोडच्या आजूबाजूला इमारती उठू लागल्या. २०२५च्या १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली. तीस वर्षं ऐकत आलेली गाडी खरोखर फलाटाला लागली म्हणून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आता घरांच्या जाहिराती आणखी वाढतील.

नकाशे बदलायला एक मोठं कारण त्याआधीच घडलं होतं. २ डिसेंबर २०२० रोजी राज्यानं मुंबई आणि काही मोजके भाग सोडून जवळपास सगळ्या महाराष्ट्रासाठी एकच बांधकाम नियमावली मंजूर केली. तिला यूडीसीपीआर म्हणतात. दाटवस्तीबाहेरच्या भागात मूळ चटईक्षेत्र निर्देशांक १.१०, त्यावर रस्त्याच्या रुंदीप्रमाणे प्रीमियम भरून मिळणारं क्षेत्र, टीडीआर म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, आणि राहत्या इमारतींना ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र. साध्या भाषेत सांगायचं तर ज्या जागेवर काल चार मजले बसत होते, तिथं आज कायद्यानंच जास्त बसू लागले. नियमावली वाईट नाही; लहान शहरांना तिची गरज होती. पण अर्धी विकून झालेल्या इमारतीचा नकाशा पुन्हा काढला जातो, तेव्हा वाढलेलं क्षेत्र कुणाचं, हा प्रश्न उभा राहतो. आकाश बिल्डरचं की खाली पैसे भरून बसलेल्यांचं?

मुंबईत असे वाद हवा-उजेडाचे, समुद्र दिसण्या-न दिसण्याचे असतात. बीडमध्ये वाद पाण्याचा असतो. शहराला माजलगाव धरणातून आणि पालीच्या बिंदुसरा तलावातून पाणी येतं, पण बऱ्याच भागांत नळाला आठवडा-आठवडा थेंब नसतो. उन्हाळ्यात टँकरच्या शिट्टीवर घरं जागी होतात. चोवीस घरांसाठी एक बोअर आणि जमिनीखाली एक टाकी धरली होती. दोन मजले वाढले की घरं छत्तीस आणि बोअर तीच. अण्णांनी पाटी-पेन्सिल घेतल्यासारखं गणित मांडलं: आपल्या वाट्याचं पाणी तिसऱ्या हिश्शानं गेलं. मजला वाढवायला दिलेली संमती म्हणजे आमच्याकडं घागर वाटून घ्यायला दिलेली संमती आहे.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी दहा रुपयांचा स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. महिन्याच्या आत दोन नकाशे हातात आले, २०१९चा मंजूर आणि २०२१चा सुधारित. मी सुट्टी काढून घरी गेले होते. आईनं सतरंजी गुंडाळली, आम्ही फरशीवर दोन्ही नकाशे पसरले आणि कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. अण्णांनी कंपासपेटीतली पट्टी आणली. रस्त्याकडच्या पार्किंगच्या जागी सहा दुकानं आली होती. मागची झाडांची जागा अर्धी झाली होती, कारण पार्किंग तिथं ढकललं होतं. लिफ्ट एकच. मग पट्टी तिसऱ्या मजल्यावर आली. स्वयंपाकघराच्या मागची ड्राय बाल्कनी, जिथं आईनं भांडी घासायचं ठरवलं होतं, ती दीड फुटानं आत आली होती. वरच्या दोन मजल्यांचे पाइप उतरवायला तिथं नवा डक्ट काढला होता. अण्णांनी तीन वेळा पट्टी लावली. काही बोलले नाहीत. आईच म्हणाली, "घमेलं बसंल का हो तिथं?"

आता कायद्याकडं येते, कारण या प्रश्नावर महाराष्ट्र देशात सगळ्यांत आधी जागा झालेला आहे. फ्लॅटच्या व्यवहारातल्या गैरप्रकारांची चौकशी करायला राज्य स्थापन होताच, मे १९६०मध्ये, समिती नेमली गेली आणि तिच्या अहवालावरून १९६३चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला. मोफा म्हणतात तो हाच. त्याचं सातवं कलम सांगतं की नकाशा दाखवून करार झाल्यावर घेणाऱ्यांच्या संमतीशिवाय त्यात बदल करता येणार नाहीत. बिल्डरांनी त्यावर तोड काढली: संमती करारातच छापून घ्यायची. आमचं एकोणिसावं कलम हे त्याच वंशातलं. कांदिवलीच्या मधुविहार सोसायटीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन परत आलं, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयानं २०१०मध्ये स्पष्ट सांगितलं की अशी सरसकट, आधीच घेऊन ठेवलेली संमती चालणार नाही. कोणता बदल होणार हे समजून, त्या बदलापुरती दिलेली संमतीच खरी. हा निकाल मी वाचला त्या दिवशी अण्णांना फोन करून सांगितलं, "तुमची ती सही अजून गेलेली नाही." ते बराच वेळ गप्प होते.

२०१६चा रेरा कायदा त्याहून पुढं गेला. महाराष्ट्रात मे २०१७पासून महारेराचं, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाचं, काम सुरू झालं. रेराचं चौदावं कलम प्रत्येक फ्लॅटधारकानं तोंडपाठ करावं असं आहे. तुमच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये बदल करायचा तर तुमची आधी घेतलेली संमती हवी. इमारतीच्या एकूण नकाशात किंवा सामाईक जागेत बदल करायचा तर बिल्डर सोडून उरलेल्या घेणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लोकांची लेखी संमती हवी. तांत्रिक कारणानं किरकोळ बदल चालतात, तेही आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरनं तपासून आणि घेणाऱ्याला कळवून. पण क्षेत्र वाढवणं आणि उंची बदलणं किरकोळात धरलं जात नाही.

आमच्या बिल्डरनं सांगितलं, संमती झालेली आहे. तोवर विकलेले फ्लॅट अठरा, संमतीपत्रं बारा. बरोबर दोन तृतीयांश. इथं अण्णांचं गणित कामी आलं. त्याच कलमाखाली एक स्पष्टीकरण आहे: एका माणसानं किंवा एका कुटुंबानं कितीही फ्लॅट घेतले तरी मोजताना तो एकच घेणारा. अठरांपैकी पाच फ्लॅट एकाच कुटुंबाचे होते आणि त्या पाचांची पाच संमतीपत्रं बारांत मोजली होती. म्हणजे घेणारे चौदा आणि संमती आठ. चौदांचे दोन तृतीयांश करायला दहा लागतात. त्या आठांतल्या तिघांनी तर सांगितलं की बँकेच्या कर्जाचं काम म्हणून कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या होत्या. अण्णांनी हा हिशोब वहीच्या पानावर मांडला, खाली रेघ मारली आणि शाळेत मारायचे तसा बाजूला उत्तराचा चौकोन काढला.

देशात सगळ्यांत गाजलेलं प्रकरणही याच प्रश्नाच्या पोटातलं आहे. नोएडातल्या सुपरटेकच्या एमराल्ड कोर्ट वसाहतीत २००५ साली मंजूर झालेल्या इमारती नऊ मजल्यांच्या होत्या. नकाशे सुधारत सुधारत २०१२मध्ये दोन नव्या मनोऱ्यांना चाळीस मजल्यांपर्यंत परवानगी मिळाली. जवळच्या इमारतीपासून नियमानं सोळा मीटर अंतर हवं होतं, तिथं नऊ मीटर होतं. आधीच्या रहिवाशांची संमती घेतली नव्हती. रहिवासी लढले, २०१४मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात जिंकले, आणि ३१ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. एम. आर. शाह यांनी मनोरे पाडायचा आदेश कायम केला. २८ ऑगस्ट २०२२च्या दुपारी काही सेकंदांत ते खाली आले. टीव्हीवर सगळ्यांनी धूळ बघितली. मी अण्णांशेजारी बसून ते बघत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर आमच्या इमारतीवरचे ते गज होते.

त्याची दुसरी बाजू वरळीची. कॅम्पा कोलाच्या जागेवर १९८०च्या दशकात पाच मजल्यांची परवानगी असताना वीस मजल्यांपर्यंत इमारती चढवल्या गेल्या. लोकांनी आयुष्याची पुंजी घालून वरची घरं घेतली. २७ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते मजले बेकायदा ठरवले आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये तिथलं वीज, गॅस, पाणी तोडलं गेलं. संमतीशिवाय वाढलेला मजला खालच्याचं पाणी घेतो, आणि परवानगीशिवाय वाढलेला मजला वर राहणाऱ्याचं घरच घेतो. आमच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर बुकिंग केलेला एक तरुण एसटीत चालक आहे. त्याला हे सांगताना माझा आवाज नीट निघत नव्हता, कारण आमच्या भांडणात नुकसान त्याचं होणार होतं आणि त्यानंही तशीच पेन्सिलच्या खुणेवर सही केली होती.

चौदा घेणाऱ्यांपैकी सहा जण आमच्या बाजूचे होते, पुढं ते नऊ झाले. महारेराकडं ऑनलाइन तक्रार केली, प्रकरण सलोखा मंचाकडं गेलं. सुनावणी मोबाइलवर. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसले आणि पहिलं वाक्य उभं राहून बोलले. तिसऱ्या बैठकीत तोडगा निघाला. सहावा मजला रद्द, पाचवा राहील. दुकानं राहतील, पण दोन कमी. दुसरी लिफ्ट, दुसरी बोअर, वेगळी टाकी. बाल्कनीच्या कमी झालेल्या जागेचे पैसे परत. पाचव्या मजल्याचा भार पाया आणि कॉलम पेलतील असा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्राशिवाय शेवटचा हप्ता नाही. हे सगळं पूरक करारनाम्यात लिहून रजिस्ट्री ऑफिसात नोंदवलं. ताबा मिळाला तो ठरल्यापेक्षा पावणेदोन वर्षांनी. एसटीवाल्या तरुणाचं घर वाचलं. दुसरी बोअर मात्र कोरडी गेली.

रेराचं छत्र सगळ्यांवर नाही, हे बीडसारख्या गावात फार जाणवतं. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरची किंवा आठपर्यंत फ्लॅट असलेली इमारत नोंदवणं कायद्यानं बंधनकारक नाही. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. म्हणजे पाच गुंठे झाले की मर्यादा जेमतेम ओलांडली जाते. साडेचार गुंठ्यांच्या प्लॉटवरची बारा फ्लॅटची इमारत मर्यादेच्या आत बसते. लहान शहरातल्या इमारती मुळात लहानच, त्यामुळं बीड-अंबाजोगाईतल्या घेणाऱ्याला जाहिरातीत महारेराचा क्रमांक आणि क्यूआर कोड दिसला नाही, तर ती फसवणूक असेलच असं नाही. पण मग १९६३चा कायदा आणि ग्राहक आयोग एवढेच आधार हाताशी उरतात, हे पैसे देण्याआधी त्याला कळायला हवं. अशा ठिकाणी नकाशाची सही-शिक्क्याची प्रत साठेखताला जोडून नोंदवली नसेल, तर एक रुपयाही देऊ नका, असं अण्णा आता सगळ्यांना सांगतात.

बीडची निम्मी तरणी पिढी पुण्यात आहे. वाघोली, हडपसरकडं फ्लॅट घेते आणि नकाशा बदलला की रजा टाकून हेलपाटे घालते. त्यांच्या गावाकडच्या आईबापांसाठी २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मोठी सोय आहे: घेणारा जिथं राहतो तिथल्या आयोगाकडं तक्रार करता येते. दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो. म्हणजे गावी राहणाऱ्या बापानं पुण्यात घेतलेल्या फ्लॅटची तक्रार बीडला होऊ शकते. आमची एक मावसबहीण टोरांटोत आहे. तिकडं ऑन्टारिओच्या कायद्यानं बांधण्याआधी घेतलेल्या फ्लॅटचा करार हातात पडल्यापासून दहा दिवसांत विनाकारण मोडता येतो, आणि पुढं मोठा बदल कळवला गेला तर पुन्हा दहा दिवस मिळतात. आपल्याकडं बदलाआधी संमती मागितली जाते, ही त्याहून मोठी ताकद आहे. पण ते दहा दिवस मला हवेसे वाटतात. पेन्सिलच्या खुणा आणि सही यांच्यामध्ये दहा दिवस असते, तर आमच्या दादानं एकोणिसावं कलम आधीच वाचलं असतं.

खुणा करून देणारे सगळे लबाड असतात असंही नाही. आमच्या बिल्डरचे वडील अण्णांच्या शाळेत शिपाई होते. अण्णांनी त्या ओळखीवरच फाइल उघडली नव्हती, आणि त्याच ओळखीमुळं शेवटी एका टेबलावर बसणं जमलं. गावात माणूस माणसावर विश्वास ठेवतो, ते चांगलंच आहे. तेवढा विश्वास कागदावर उतरवून मागितला की आपण समोरच्याचा अपमान करतो, असं मात्र आपल्याला वाटतं. ती भीड अण्णांची गेली.

गेल्या दिवाळीला मी घरी होते. पाडव्याच्या सकाळी गेवराईकडचं एक जोडपं आलं. ती अंगणवाडीत, तो दूध डेअरीवर. बुकिंगचे एक लाख दिले होते, रजिस्ट्री पुढच्या आठवड्यात. आईनं फराळाच्या ताटल्या आणल्या. त्यानं पिशवीतून साठेखताचा मसुदा काढला, पेन्सिलच्या खुणा आधीच होत्या. अण्णांनी चष्मा पुसला आणि मसुदा त्या बाईच्या हातात दिला. "तू वाच, मोठ्यानं. पहिल्या पानापासून." ती अडखळत वाचू लागली. 'लिहून देणार' पाशी थांबून तिनं विचारलं, "म्हणजे आम्ही का ते?" अण्णा म्हणाले, "ते. तू लिहून घेणार. वाच पुढं." चकली तशीच राहिली. बाराव्या पानावर ती स्वतःच थांबली, एका ओळीखाली बोट ठेवलं आणि नवऱ्याकडं बघितलं.

अण्णांनी खोडरबर पुढं सरकवला.